बाणातला ण

आधी माफी मागतो. मराठीत काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात अक्षर शिकलेला मी पहिला, आणि माझी सुरुवातही अलिफ-बे पासून झाली. गावच्या शाळेतले मास्तर उर्दूच शिकवत. मी तिसरीत असताना पोलीस ॲक्शन झालं आणि चौथीला एकदम मराठी पुस्तक हातात आलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात. हे लिहून झाल्यावर खोलीतल्या मित्राकडून तपासून घ्यावं असं वाटलं होतं, पण दिलं नाही. ज्या चुकीबद्दल मी लिहितो आहे ती माझी होती आणि दुसऱ्याच्या नावावर गेली. या कागदावरच्या चुका तरी माझ्या नावावर राहू द्याव्यात.

आमचं गाव गंगेच्या काठाला आहे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. एका अंगाला गंगा, दुसऱ्या अंगाला ओढा, मधे काळी जमीन. पाऊस लागला की दिवाळीपर्यंत गाडी चालत नाही. सोनपेठच्या बाजाराला जायचं तर गुडघाभर चिखल तुडवायचा, नाहीतर नावेत बसून खालच्या उताराला, म्हणजे नाव काठाला लागते तिथे, जायचं. गावात आम्हा मेंढरंवाल्यांची दहाबारा घरं, बाकी शेतकऱ्यांची, आणि अगदी पाण्याजवळ भोयांची वस्ती. आईला गावातच दिलेली, म्हणून मामाचं घर आमच्या वाडग्याला लागूनच होतं.

मामा चित्रं काढायचा. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण आमच्या लोकांत ते सांगताना माणसं खाली बघत. लग्नाआधी मामा कुणाला न सांगता हैदराबादला गेला आणि एका म्हाताऱ्या उस्तादाजवळ पाच वर्षं राहिला. उस्ताद दुकानांच्या पाट्या लिहायचे, मोहरमला ताबूत रंगवायचे. मामा परत आला तो पत्र्याची एक पेटी घेऊन. पेटीत कलमा होत्या, म्हणजे ब्रश. त्या झिजल्यावर तो स्वतः करायला लागला. खारीच्या शेपटीचे केस सगळ्यात चांगले, त्याखालोखाल करडाच्या कानामागचे. मामी म्हणायची, "मेंढरं वाडग्यात उपाशी आन ह्यो खारीच्या मागं पळायलाय. लोकाचा दादला वाघ मारतो, माझा खार."

लग्न निघालं की मामाला बोलावणं यायचं. दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, वर मोर, चौकटीला वेल. मोहरमला वाघाचं सोंग घेणाऱ्यांची उघडी अंगं तो रंगवायचा, आणि पट्टे असे ओढायचा की माणसाने श्वास घेतला की वाघाची कूस हलावी. नावाड्याच्या नावेवर त्याने एक डोळा काढला होता. नावाडी त्याचा दोस्त, आणि दोघांचं बोलणं कायम वाकडं.

"डोळा काढलास, पर पापनी कुठं हाय?" नावाडी म्हणाला. "नाव झोपावी कशी?"

"तू झोपतोस तेवढं बास हाय," मामा म्हणाला.

पण या सगळ्याला गावात काम म्हणत नसत. हत्ती काढल्यावर पायलीभर ज्वारी मिळायची आणि जेवण. मामाला खरा मान होता तो पाट्यांचा. आजूबाजूच्या चावड्या, बाजारातली दुकानं, सगळीकडची उर्दू पाटी त्याच्या हातची. आणि मामाला वाचता येत नव्हतं, ना उर्दू ना दुसरं काही. उस्तादाने त्याला अक्षर चित्र म्हणून शिकवलं होतं. कागदावर कुणीतरी लिहून द्यायचं, मामा दोऱ्याने रेघा पाडायचा आणि ते मोठं करून पत्र्यावर उतरवायचा. 'दुकान' हा शब्द उर्दूत लिहिला की शेवटी वाटीसारखं एक अक्षर येतं, वर एक ठिपका. मामा त्याला 'नाव आन नावाडी' म्हणायचा. लिहून झालं की कागद आणि पाटी दोन्ही उलटी धरून बघायचा. म्हणायचा, "सुलटं धरलं की वाचनारा वाचतो, बघत न्हाई. उलटं धरलं की तोल कळतो."

निजामी गेली आणि त्या पाट्या उतरल्या. आमच्या चावडीवरची पाटी तर काही पोरांनी कुऱ्हाडीने फोडली. मामा समोरच उभा होता. कुणीतरी म्हणालं, "हेच बघा, रझाकाराचे कातीब." मामा हसला. कातीब म्हणजे सुंदर अक्षर लिहिणारा, हे त्याला कळलं होतं, आणि ते आपल्याला पहिल्यांदाच कुणी म्हटलं याचं त्याला त्यातही बरं वाटलं असावं, असं मला आता वाटतं. त्यानंतर सातआठ वर्षं त्याच्या हाताला पाटी लागली नाही. तो मेंढरं घेऊन रानात जायचा, लग्नसराईत हत्ती काढायचा, आणि पेटी माळवदाच्या तुळईला टांगलेली असायची.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्यानंतरच्या उन्हाळ्यात, मी मॅट्रिक पास झालो त्याच महिन्यात, तालुक्याच्या कचेरीतून निरोप आला. सोळा गावांच्या शाळांना मराठी पाट्या लावायच्या होत्या. शहरातला पेंटर आमच्या चिखलाच्या गावांत यायला तयार नव्हता. तलाठ्याने मामाचं नाव सांगितलं. कचेरीतला कारकून म्हणाला होता, या पाट्या साहेबांच्या पसंतीला उतरल्या तर तालुक्याची सगळी लिखाई याच माणसाकडे, कायमची. शाळा, दवाखाना, उतार, जे काही असेल ते. मामा तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. त्याने त्या रात्री मामीला सांगितलं, "औंदा मेंढरं तुझ्या भावाला देऊन टाकू." मामीने उठून तुळईची पेटी खाली काढून दिली.

मराठी अक्षरं लिहून द्यायला माणूस हवा होता. तो मी.

मी आठ दिवस आमच्या ओसरीवर बसून जुन्या वर्तमानपत्रांवर कोळशाने मोठी अक्षरं लिहिली. तीन ओळी. वरती 'प्राथमिक शाळा', मधे गावाचं नाव, खाली जिल्हा. मामा शेजारी उकिडवा बसून बघायचा आणि प्रत्येक अक्षराला नाव द्यायचा. 'ळ' म्हणजे बैलाचे डोळे. 'भ' म्हणजे गाठ मारलेलं पोतं. तो म्हणाला, "ही मराठी अक्षरं चांगली हायत रे भाच्या. सगळी एका दांडीला धरून लोंबकळायलेत. उर्दूतली आपापली बसल्याली असतात."

"वरची रेघ सरळ पाहिजे मामा."

"दांडी वाकडी झाली तर वटवाघळं पडत्यात व्हय?"

पहिली आणि तिसरी ओळ सोळा पाट्यांवर एकच येणार होती. म्हणून मामाने दोन्हींसाठी जाड कागद तेलात भिजवून साचा कापला. दोन दिवस लागले त्याला. तो साचा त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात नेटकं काम होतं, असं तो स्वतः म्हणायचा. त्या साच्यात खालच्या ओळीला कापलेलं होतं: जिल्हा परभनी.

हे मी लिहून दिलं होतं. आता कुणाला हसू येईल, मॅट्रिक झालेल्या मुलाला ण माहीत नव्हता का. माहीत होता. पाणी, कोण, शिक्षण, हे शब्द पुस्तकात होते, ते मी पुस्तकातून बरोबर शिकलो. पण स्वतःच्या जिल्ह्याचं नाव धड्यात येत नाही. ते आपण कानाने शिकतो. आमच्याकडे लहान-थोर सगळे परभनी म्हणतात. उर्दूत मी ते तिसरीत लिहायला शिकलो, आणि उर्दूत ण नाहीच. आमच्या हायस्कुलाची पाटी तोवर जुनीच होती, मास्तर आमच्यासारखेच उर्दूतून आलेले. पेपरात मी कित्येकदा परभनी लिहिलं असेल, कुणी खूण केली नाही. ही कारणं मी मनात फार वेळा मांडली आहेत. त्यांचा उपयोग झालेला नाही.

पाट्या झाल्या. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. नावाड्याने आठ पाट्या नावेतून खालच्या गावांना पोचवल्या, बाकी मामाने डोक्यावरून नेल्या. शाळेच्या भिंतीवर पाटी लागली की तो समोर लांब जाऊन उभा राहायचा, मग वाकून दोन पायांमधून उलटी बघायचा. पोरं हसायची. तो म्हणायचा, "हसा. तुमच्या मास्तरलाबी करायला लावतो."

जूनमध्ये मी नांदेडच्या कॉलेजात जायला निघालो. एसटीने परभणीपर्यंत, तिथून रेल्वे. मी तोवर रेल्वेत बसलो नव्हतो. स्टेशनच्या टोकाला पिवळी पाटी होती, तीवर काळ्या अक्षरात नाव. वाचलं आणि वाटलं, रेल्वेने चूक केली. खरंच तसं वाटलं. एवढ्या मोठ्या पाटीवर चूक, आणि माझ्या मामाने बरोबर लिहिलेलं, याचा मला जरा आनंदही झाला. गाडी सुटली. पिंगळी गेली. माझ्या समोर एक गुरुजी बसले होते, त्यांच्या मांडीवर शाळेचं रजिस्टर. त्यावरही परभणी. पूर्णेला गाडी थांबेपर्यंत मला कळलं होतं, चूक रेल्वेची नव्हती. सोळा गावं, सोळा पाट्या, आणि साचा मी दिलेला.

मी त्याच दिवशी उतरून परत जायला हवं होतं. नाहीतर एक कार्ड टाकायला हवं होतं. वाचून दाखवायला तलाठी होता. मी कार्ड विकत घेतलं, त्यावर पत्ता लिहिला, आणि दुसऱ्या बाजूला काय लिहावं ते सुचलं नाही. मग वाटलं, कोण बघतो. आमच्या गावांत ती पाटी वाचणारी माणसं किती, आणि वाचणारे सगळे परभनीच म्हणणारे. दिवाळीला गावी गेलो तर मामाने मला हाताला धरून शाळेपुढे नेलं. "बघ. पाऊस खाल्ला तरी रंग हलला न्हाई." मी म्हणालो, छान दिसते. तो म्हणाला, "तुझं अक्षर हाय ते."

तेव्हा सांगितलं असतं तर दहा दिवसांचं काम होतं. तेवढ्या ठिकाणी पत्रा निळा करायचा आणि एक अक्षर काढायचं. मामाचा साचा मोडला असता, एवढंच. मी सांगितलं नाही, कारण तो कॉलेजातल्या भाच्याचं नाव बाजारात सगळ्यांना सांगत होता.

उन्हाळ्यात तालुक्याच्या कचेरीला नवे साहेब आले. पुण्याकडचे होते, वयाने तरुण, बोलायला अतिशय सभ्य. त्यांनी घोड्यावरून, नावेतून सगळी गावं पाहिली, आधीचा कुणी साहेब तिथे आला नव्हता. हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. परत जाऊन त्यांनी मामाला बोलावलं. मामाला वाटलं, कायमच्या कामाचा कागद मिळणार. त्याने धुतलेलं धोतर नेसलं. मलाही कचेरीत काम होतं. माझ्या फी माफीच्या अर्जावर त्याच साहेबांची सही लागत होती, त्याशिवाय दुसरं वर्ष मला भरता आलं नसतं. म्हणून आम्ही दोघं बरोबरच गेलो.

माझा अर्ज कारकुनाने साहेबांच्या टेबलावर ठेवला. मामा दाराशी चप्पल काढून उभा राहिला.

"पाट्या तुम्ही केल्यात?"

"जी, सायेब."

"हात चांगला आहे. फार चांगला आहे." साहेबांनी हे मनापासून म्हटलं. मामा माझ्याकडे बघून हसला. "पण आपल्या जिल्ह्याचं नाव काय हो?"

मामाला वाटलं साहेब थट्टा करतात. "परभनी, सायेब."

साहेब कारकुनाकडे वळले. "बघा. बोलतात तसंच लिहितात." कारकून हसला. तो स्वतः घरी परभनीच म्हणतो, मला ठाऊक आहे. साहेब म्हणाले, "अहो, नळातला न नाही तो, बाणातला ण आहे. बाण माहीत आहे ना, बाण?"

"बान म्हाईत हाय की सायेब," मामा म्हणाला.

आता दोघंही हसले. मामाही थोडा हसला, सगळे हसतात म्हणून. मग साहेबांनी शांतपणे विचारलं, तुम्हाला वाचता येतं का. मामा नाही म्हणाला.

"मग ही अक्षरं कुणी दिली? कुणीतरी लिहून दिलं असेल."

मामाने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहत होतो, म्हणून मला नक्की माहीत आहे. तो म्हणाला, "कुनी न्हाई. जुन्या पाटीवरनं बघून काढली."

"जुन्या पाट्या उर्दूत होत्या ना?"

साहेबांनी माझा अर्ज हातात घेतला. वरती मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, जिल्हा परभणी. त्यांनी तो वाचला आणि मला विचारलं, "तुम्ही याच गावचे, कॉलेजात आहात. तुम्ही कधी ही पाटी वाचली नाहीत का?"

मी म्हणालो, "मी इथे नव्हतो, सर."

एवढंच. त्यांनी सही केली.

मामाला त्यांनी सांगितलं की सरकारी शाळेच्या दारावर मुलांनी रोज चुकीचं नाव वाचावं हे चालणार नाही, आणि ज्याला अक्षर कळत नाही त्याला पुढचं काम देता येणार नाही. यात त्यांची काय चूक काढणार. मामा "जी" म्हणाला, वाकला, आणि चप्पल हातात घेऊनच बाहेर आला.

बाजारातून आम्ही उताराकडे चाललो. तो चप्पल हातात धरूनच चालत होता. मग एका ठिकाणी ओल्या वाळूत बसला आणि म्हणाला, "कसा असतो रे त्यो?"

"कोण?"

"बानातला."

मी बोटाने वाळूत ण काढला. त्याने मान वाकडी करून उलट्या बाजूने पाहिला. "झोळी हाय आन शेजारी खांब. यात अवघड काय हाय? ह्यो तर त्या दुसऱ्यापेक्षा चांगला दिसला असता." मग म्हणाला, "तुला कवा कळलं?"

मी खरं सांगितलं. जाताना, पूर्णेला, गाडीत.

तो उठला, धोतराची वाळू झटकली. "मंजे दिवाळीला ठावं होतं." नाव येत होती, नावाडी लांबूनच ओरडला, "काय मग, सरकारी पेंटर?" मामाने हात वर केला, जसा रोज करायचा तसाच. नावेत तो माझ्यापासून लांब, नावाड्याच्या बाजूला बसला. त्याने मला कधी शिवी दिली नाही, आईलाही काही सांगितलं नाही. त्या सुट्टीत पुढचा सगळा महिना तो माझ्याशी नीट बोलला, जसं पाहुण्याशी बोलतात. "जेवलास का", "बस", "बरं हाय ना". एकदा तर तो मला 'तुमी' म्हणाला. मला वाटलं चुकून म्हणाला. नंतर तेच राहिलं.

कॉलेजातल्या प्राध्यापकांनी एकदा आम्हाला शुद्धलेखनाचं महत्त्व सांगितलं होतं. एका अक्षराने अर्थ बदलतो, असं ते म्हणाले आणि फळ्यावर उदाहरणं लिहिली. सगळे वहीत उतरून घेत होते. मीही घेतली. परभनी लिहिल्याने अर्थ काही बदलला नव्हता. ती पाटी वाचून कुणी दुसऱ्या जिल्ह्यात गेलं नव्हतं. पण हे उभं राहून बोलण्याचं धैर्य माझ्यात तेव्हाही नव्हतं, आणि मी बोललो असतो तर माझ्या तोंडून कदाचित तिथेही नळातलाच 'न' आला असता. अजून मी जिल्ह्याचं नाव उच्चारण्याआधी क्षणभर थांबतो. खोलीतल्या मित्राच्या ते लक्षात आलं आहे. त्याला वाटतं मी तोतरा आहे.

त्यानंतर मी गावी कमी गेलो. परीक्षा, शिकवण्या, कारणं असतातच. आईच्या पत्रात, तलाठ्याच्या हस्ताक्षरात, मामाबद्दल 'खुशाल आहे' एवढंच असायचं. मीही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात पूर्णेला गाडी बदलताना आमच्या गावचा एक भोई भेटला. तो आता रेल्वेत गँगवर आहे. त्याने मला चहा पाजला, मी नको म्हणत असताना. मी गावचं पाणी, पीक, नावाड्याची तब्येत असं सगळं विचारलं आणि शेवटी मामाचं विचारलं.

"मेंढरं तर दिली त्यानं," तो म्हणाला. "मामीच्या भावाला. परत कशी मागावी?"

"मग करतो काय?"

"कामाला हाय की. औरंगाबादचा पेंटर आनलाय कचेरीनं, लय शिकल्याला हाय म्हनं. त्याच्या हाताखाली हाय तुजा मामा. पाटी उतरवायची, पत्रा घासून कोरा करून द्यायचा. लिहितो त्यो पेंटर."

"कुठल्या पाट्या?"

"शाळेच्या. तुज्या मामाच्याच की, दुसऱ्या कुठल्या." त्याने कप खाली ठेवला. "लय हळू घासायलाय म्हनून पेंटर बोंबलतो. सात झाल्या, नऊ ऱ्हायल्यात."